जागेसकट

१

संगणकावर माणूस उभा करायचा, तर त्याला एक फाइल पुरत नाही. शरीर, म्हणजे फिगर, एका फाइलमध्ये असतं: हाडांच्या लांब्या, सांध्यांच्या जागा, अंगाचा आकार. पोझ दुसऱ्या फाइलमध्ये असते आणि तिच्यात फक्त कोन असतात. गुडघा किती वाकला, मान किती वळली, एवढंच. चेहऱ्यावरच्या भावाची फाइल निराळी, हाताच्या बोटांची निराळी. केस, वस्तू, प्रकाश, कॅमेरा, प्रत्येकाची आपली फाइल आणि आपलं फोल्डर. प्रत्येक फाइलशेजारी टपाल तिकिटाएवढं एक चित्र असतं. फाइल सेव्ह केली त्या क्षणी पडद्यावर जे दिसत होतं, त्याचं ते चित्र. चुकीच्या फोल्डरमध्ये पडलेली फाइल सॉफ्टवेअरला सापडत नाही. ती असते, पण नसल्यासारखी.

पुण्यात मी हे अनेक वर्षं शिकवते आहे. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते, 'पोझमध्ये माणूस नसतो.' मुलं हसतात, पण वर्षाअखेरीस त्यांना ते पटलेलं असतं.

त्यामुळे एप्रिलमध्ये सोलापूरला गेले, तेव्हा पुढ्यातलं काम मला कंटाळवाणं पण सरळ वाटत होतं. राहतच्या जुन्या संगणकावरच्या फाइली लावायच्या होत्या.

राहत आणि मी तरुणपणी विजापूर वेशीजवळ, तिच्या वडिलांच्या चादरींच्या दुकानावरच्या खोलीत, एक स्टुडिओ चालवत होतो. स्टुडिओ हा शब्द पाटीपुरता. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि पश्चिमेची खिडकी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांचे कॅटलॉग आम्ही करत असू, आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी व्यायामाच्या चित्रफिती. ती चित्रकलेची पदविका घेतलेली, मी मानवमितीची, म्हणजे माणसाच्या अंगाची मापं घेण्याच्या शास्त्राची, पदव्युत्तर विद्यार्थिनी. पुढे मी पुण्याला गेले. ती तिथेच राहिली, एकटीनं काम करत राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी दीर्घ आजारानं गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते. तेव्हा बोलायचं काही राहून गेलं नाही.

राहून गेलं ते तिला चित्रात टिपून ठेवणं. समोर कॅमेरा आला की राहत उठून कॅमेऱ्यामागे जाई. तिचे फोटो मोजके आणि व्हिडिओ एकही नाही. मात्र आमच्या पहिल्या कामासाठी आम्हाला एक बाईची आकृती हवी होती, तेव्हा तिनं स्वतःचीच मापं वापरली होती. ती मापं मी घेतली होती. कोपर ते मनगट हे माप दोनदा घ्यावं लागलं, कारण पहिल्या वेळी ती शेंगदाणे खात होती.

फेब्रुवारीत तिच्या आईचा, खातूनबींचा, फोन आला. आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणतो.

"वैजू बेटा, डाक्टर म्हनले आता डोळं फार दिवस साथ द्यायचे न्हाईत. मला दुसरं कायबी नक्को. तुमच्या त्या कंप्युटरात राहत हाय नव्हं? तिला एकदा चालताना दाव. दिसतंय तवर."

"पोझमध्ये माणूस नसतो," हे वाक्य मी त्यांना ऐकवलं नाही.

२

खोलीची किल्ली राहतचा धाकटा भाऊ आसिफ यानं दिली. दुकान आता तो चालवतो. जून लागायच्या आत वरची खोली पाडून नवं बांधकाम करायचं आहे, म्हणून काम एप्रिलमध्येच उरकणं भाग होतं.

"वैजूताई, वर लई तापतंय बगा. पंखा हाय, पन वारं न्हाई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे नीट बघत, "ह्ये चष्म्याला काय बांधलंय? राखी हाय व्हय?"

माझ्या वाचायच्या चष्म्याची डावी काडी मार्चमध्ये बिजागरीपाशी निखळली होती आणि दुकानात जायला सवड नव्हती, म्हणून मी ती लाल दोऱ्यानं गुंडाळून बांधली होती.

"पुन्यात चष्म्याची दुकानं बंद पडली का काय?"

"तुझ्या दुकानात टॉवेल घेईन तेव्हा बोल. आत्ता किल्ली दे."

खोलीत पाऊल टाकलं आणि मी क्षणभर थांबले. टेबल तेच. माझी खुर्ची तीच, दाराकडे तोंड करून. राहतची खुर्ची भिंतीला लावलेली आणि तिच्यावर आसिफच्या चादरींचे गठ्ठे. पश्चिमेची खिडकी होती, पण तिच्याबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या नव्या इमारतीची भिंत उभी राहिली होती. पूर्वी दुपार कलली की त्या खिडकीतून ऊन आडवं येऊन कीबोर्डवर पडे, आणि राहत पडद्यावर ओढणी टाकून म्हणे, "झालं, सूर्यानं सुट्टी दिली." आता तिथे दिवसभर सारखाच राखाडी उजेड होता. नव्या कोऱ्या चादरींचा खळीचा वास मात्र तसाच खालून येत होता. त्या वासानं मला एकदम पंचवीस वर्षांची केलं. मी दार लावून घेतलं आणि कामाला लागले.

यंत्र तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. आतली बॅटरी संपली असल्यामुळे त्याचं घड्याळ दर वेळी एका जुन्या वर्षाच्या एक जानेवारीवर जाई. म्हणजे फाइलींवरच्या तारखांना काही अर्थ नव्हता. हे मी पहिल्याच दिवशी मनाशी नोंदवून ठेवलं, आणि पुढे या गोष्टीचा मी बराच आधार घेतला.

राहतनं काहीही लावलेलं नव्हतं. फिगर, पोझ, हात, वस्तू, प्रकाश, सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलेलं आणि त्या फोल्डरचं नाव 'घर'. आमची यावरून नेहमी वादावादी होई. आणखी एक वाद होता. पोझ सेव्ह करताना ते सॉफ्टवेअर एक छोटी घंटी वाजवून विचारत असे: आकृतीची जागाही सोबत सेव्ह करायची का? माझा नियम होता, 'नाही.' पोझ म्हणजे कोन. जागा सोबत घेतली, तर ती पोझ दुसऱ्या दृश्यात वापरताना आकृती उडी मारून जुन्या जागी जाऊन बसते. राहत न चुकता 'होय' म्हणायची.

"अगं, माणूस बसला म्हंजे कुटंतरी बसला की. हवेत कोन बसतंय?" ती म्हणे.

३

दोन दिवसांत मी 'घर' रिकामं केलं. फिगर फिगरमध्ये, हात हातांमध्ये. एक दृश्यही सापडलं: तिनं हीच खोली जशीच्या तशी उभी केली होती. टेबल, दोन खुर्च्या, दार, खिडकी. कॅमेऱ्याच्या एका फाइलचं नाव 'वैजू' होतं. ती उघडली, तर ते माझ्या खुर्चीवरून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारं दृश्य निघालं. मी हसले.

पोझच्या फाइलींमध्ये एक मालिका होती. नावाच्या जागी फक्त आकडे होते, एकपासून पाचपर्यंत. राहतची आकृती दारात, दाराच्या आत, मग खोलीत, टेबलाच्या दिशेनं. अम्मींना हवं होतं ते चालणं आयतंच मिळालं होतं.

या चालण्याकडे मी पाहिलं आणि ते मला लगेच ओळखता आलं. राहत रोज संध्याकाळी माझ्याआधी खाली जायची. टेबलापासून उठायची, दारापाशी पोचल्यावर डावा हात वर करून ओढणी डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "येते गं." दारातल्या पोझमध्ये डावा हात तसाच वर होता. आकडे उलटे होते, दारात एक आणि खोलीच्या मध्यावर पाच. पण राहतच्या आकड्यांवर विसंबणं मी फार पूर्वी सोडलं होतं. मी क्रम उलटा केला आणि आकृतीचं तोंड दाराकडे फिरवलं.

तेव्हा तिसऱ्या फाइलचं चित्र डोळ्यांपुढे आलं. 'वैजू' कॅमेऱ्यातून घेतलेलं. मागे अंधुक आकृती, पुढे टेबलाची कड, आणि कडेवर काहीतरी ठेवलेलं. चित्र मोठं केलं तर ते फुटलं, पण आकार कळत होता. घडी घातलेला चष्मा.

त्या काळी मला चष्मा नव्हता.

यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. टेबल रिकामं वाटलं म्हणून तिनं एखादी वस्तू ठेवली असेल. तिच्या वडिलांचा, मैनुद्दीनचाचांचा, चष्मा समोर असेल, त्यावरून केला असेल. वस्तूंच्या फोल्डरमध्ये ती फाइल होती. मी ती उघडली आणि फिरवून बघितली. काम राहतच्या हातचं होतं, बारीक आणि घाई न केलेलं. डाव्या काडीवर, बिजागरीपाशी, दोऱ्याचे वेढे होते. तांबडे.

घाम पुसायला मी चष्मा काढून टेबलाच्या कडेवर ठेवला. चित्रातल्याच जागी.

खाली जाऊन मी आसिफला शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "चाचांच्या चष्म्याला कधी दोरा बांधलेला होता का रे?"

तो चादरीची घडी घालता घालता थांबला. "अब्बांना चष्मा कुटं होता, ताई? शेवटपतूर पेपर उघड्या डोळ्यांनी वाचायचे. तुमी विसरला काय?"

मी विसरले नव्हते. मी फक्त आशा करत होते.

४

तिसऱ्या दिवशी दुपारी चित्रफीत तयार झाली. माझ्या नियमाप्रमाणे मी पोझमधली जागा काढून टाकली होती. आकृती पडद्याच्या मध्यावर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चालत होती. फीत फोनवर घेऊन मी दुकानामागच्या घरात गेले. अम्मी बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. बोटांना सवय असल्यामुळे त्या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते.

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून नाकापाशी नेला. राहत चालली. तिची ती चाल, उजवा खांदा किंचित खाली. मापं मी घेतलेली होती, पण तो खांदा मी कधी मोजला नव्हता.

अम्मींनी फोन माझ्यापुढे धरला. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"उलटं का लावलंस गं?" त्या म्हणाल्या.

"उलटं कुठे? ही संध्याकाळी जातेय, अम्मी. दारात ओढणी घेतेय बघा."

"ओढणी न्हाई घेत ती." त्यांच्या आवाजात हसू होतं. "ही जात न्हाई, बेटा. ही येतीय. भित्तीला हात लावून चपला काडतीय. हितं दारात असंच करायची, लहान असल्यापास्नं. मी वरडायची, भित्त काळी झाली म्हनून."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू कशी बघशील? तू यायच्या आधी ती वर जाऊन बसलेली असायची की."

हे खरं होतं. स्टुडिओच्या सगळ्या वर्षांत मी तिला रोज जाताना पाहिलं होतं. येताना नाही. मी जिना चढून येई, तेव्हा ती आधीच खुर्चीत असे, आणि मान वर न करता म्हणे, "आलीस?"

"आन बसली का न्हाई?" अम्मींनी विचारलं. "चालत कुटवर न्हेलंस? अर्ध्यात सोडू नको तिला. बसलेली दाव मला. घरी आली म्हंजे बसली पायजे."

त्यांना मी 'दाखवते' म्हणून सांगितलं.

५

वर येऊन मी दारातल्या पोझमधली हाताची फाइल स्वतंत्रपणे उघडली. मनगट मागे वळलेलं, बोटं पसरलेली, कोपर जवळजवळ सरळ. कापड उचलणाऱ्या हाताचं मनगट असं नसतं. हा हात भार घेत होता. ज्या विषयाची मी पदवी घेतली, त्यातल्या पहिल्या सत्रातली ही गोष्ट. मला वाचायचं होतं तेच मी वाचलं होतं.

दाराशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, एक काळपट डाग होता. जुन्या घरांत दारापाशी असे डाग असतातच. मी त्याला हात लावला नाही.

मग मी राहतचा क्रम पूर्ववत केला, जागा परत जोडली आणि तिच्या खोलीच्या दृश्यात 'वैजू' कॅमेऱ्यातून ती मालिका लावली. राहत दारात आली. भिंतीला हात टेकून एक चप्पल काढली, मग दुसरी. आत आली. टेबलाच्या दिशेनं, म्हणजे माझ्या दिशेनं, चालत आली, आणि मध्यावर थांबली. पाचव्या पोझला मालिका संपत होती. पुढचं तिनं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोझच्या फोल्डरमध्ये सहावी फाइल होती.

मी लावताना चुकले असेन, असं मी ठरवलं. 'घर'मध्ये राहून गेलेली एखादी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये पडली असेल, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरला ती आता सापडली असेल. असं होतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दर आठवड्याला होतं. तारीख बघितली: एक जानेवारी. तारखेचा अर्थातच काही उपयोग नव्हता.

सहाव्या पोझमध्ये राहत टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर उभी होती. चित्रात ऊन होतं. पश्चिमेच्या खिडकीतून आडवं आलेलं, टेबलावर पडलेलं, जुन्या दिवसांसारखं ऊन. चष्म्याची सावली लांब पडली होती.

चेहऱ्याची फाइल सोबत नव्हती. तिथे फिगरचा मूळ, कोरा चेहरा होता. त्याबद्दल मला जे वाटलं, त्याला कृतज्ञता म्हणणं बरोबर होणार नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

६

"आसिफ, वर कोणी येतं का रे? मी नसताना?"

"वर कोन येनार, ताई? किल्ली तुमच्याकडंच हाय की." तो गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवत होता. "का? कायतरी गेलं?"

"गेलं नाही. जास्त झालंय."

"मग ठेवा की. आमच्या दुकानात कायतरी जास्त झालं, तर आमी अल्लाचं नाव घेतो." गिऱ्हाईक हसलं, आसिफही हसला, आणि मग सहज म्हणाला, "काल दुपारी फोनवर कुनाशी गप्पा चालल्या होत्या? वरनं आवाज येत होता. हसत होता तुमी. मला बरं वाटलं. ती खोली लई दिवस गप होती."

काल दुपारी मी अम्मींच्या बाजेशेजारी बसले होते. आसिफच्या डोक्यावर, त्या खोलीला कुलूप होतं.

"विद्यार्थ्याचा फोन होता," मी म्हणाले. मी का खोटं बोलले, याचं कारण मी नंतर बराच वेळ शोधलं. खरं सांगितलं असतं, तर तो वर येऊन बसला असता. आणि मला कोणी वर यायला नको होतं. इतक्या वर्षांनी ती खोली पुन्हा आमची झाली होती, आणि मला ती आमचीच राहायला हवी होती. हे लिहिताना मला ते मान्य करावंच लागेल, कारण पुढे मी जे केलं, ते केवळ अम्मींसाठी केलं, असं म्हणणं अर्धवट ठरेल.

७

शेवटच्या दिवशी यंत्र सुरू व्हायला फार त्रास झाला. आता बंद केलं, तर ते पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. फोल्डरमध्ये नवी फाइल नव्हती. बसण्याची पोझ मलाच करायची होती.

बसण्याची पोझ म्हणजे नितंबाचा सांधा, गुडघा, घोटा आणि पाठीचा थोडा बाक. खुर्चीची उंची नक्की हवी म्हणून मी राहतच्या खुर्चीवरचे गठ्ठे उतरवले, ती ओढून माझ्या खुर्चीशेजारी आणली आणि टेपनं मोजली. मोजून झाल्यावर ती परत भिंतीला लावायला हवी होती. मी लावली नाही. ती खुर्ची शेजारी असली की राहत कोपराला कोपर लागेल इतकी जवळ यायची, हे मी विसरले होते.

मग मी पडद्यावरच्या राहतला बसवलं. एक एक सांधा वाकवत. उजवा खांदा किंचित खाली. एक पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर, कारण ती तसंच बसायची. मान पडद्याकडे. हे करताना माझ्या मनात भीती नव्हती, हे मला नमूद केलं पाहिजे. खालून खळीचा वास येत होता, कोणीतरी आसिफशी भावावरून घासाघीस करत होतं, पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरत होता. कोणत्याही जुन्या दुपारसारखी ती दुपार होती. उजव्या कोपरापाशी मला ऊब जाणवत होती, आणि मी तिकडे बघत नव्हते. काम करताना आम्ही एकमेकींकडे बघत नसूच.

मी सेव्ह केलं. घंटी वाजली. आकृतीची जागाही सोबत सेव्ह करायची का?

पार्श्वभूमी पांढरी ठेवायची असती, तर 'नाही' पुरलं असतं. पण अम्मींना घरी आलेली राहत हवी होती. हवेत कोण बसतंय?

आयुष्यात पहिल्यांदाच मी 'होय' दाबलं.

फाइलशेजारी चित्र उमटलं. घाम पुसायला काढलेला चष्मा टेबलावरच होता, त्यामुळे मला फक्त रंग दिसले. टेबलाचा तपकिरी, उन्हाचा पिवळा. आणि मागून घेतल्यासारखी शेजारी शेजारी दोन डोकी. कॅमेरा 'वैजू' होता, म्हणजे माझ्या डोळ्यांच्या जागी. त्या जागेवरून माझं डोकं दिसू शकत नाही. मी चष्मा घातला नाही. फीत तयार होईपर्यंत पडद्याच्या खालच्या पट्टीकडे बघत राहिले, फोनवर घेतली, यंत्र चालूच ठेवून दाराला कुलूप लावलं आणि खाली आले.

८

अम्मींनी या वेळी फोन नाकापाशी नेला नाही. मांडीवर ठेवला आणि वाकून बघितला. राहत दारात आली, भिंतीला हात टेकला, चपला काढल्या. चालत आली. टेबलाला वळसा घातला. बसली.

"हौ," अम्मी अगदी हळू म्हणाल्या. "हौ, माझी बच्ची. बसली." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, त्यामुळे फीत थांबली. त्यांना ते कळलं नाही. "पाय बग कसा ठेवलाय. किती सांगितलं, दांडी तुटंल म्हनून."

मी त्यांचा हात धरला. त्यांना जे बघायचं होतं, ते डोळे होते तोवर दिसलं होतं. मी ज्या कामासाठी आले होते, त्याचा हा शेवट होता आणि तो चांगला झाला होता. त्या वेळी मला अगदी तसंच वाटलं, आणि आजही मी तो क्षण बदलायला तयार नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुटं बसलीय गं ही?"

"वर. आपल्या खोलीत. माझ्या शेजारच्या खुर्चीत."

अम्मींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मग तू हितं काय करतीयस? तिला एकटीला बसवून आलीस?"

बोलण्यात भीती नव्हती, गूढ काही नव्हतं. घरी आलेल्या माणसाला एकटं बसवून आपण निघून यायचं नसतं, एवढीच ती साधी तक्रार होती. मी उठले.

"येते, अम्मी."

जिना नेहमीसारखाच तापलेला होता. दुकानात आसिफ कोणालातरी मोठ्यानं सांगत होता, "पक्का रंग हाय मामा, धुवून बगा." वर पोचल्यावर दिसलं, कुलूप कोयंड्याला उघडं लटकत होतं. मी ते लावलं होतं. बहुतेक नीट बसलं नसेल. जुनं कुलूप होतं. दार चार बोटं उघडं होतं आणि त्या फटीतून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ऊन पडलं होतं. पश्चिमेचं, आडवं, पिवळं. खिडकीबाहेरच्या भिंतीचा विचार मी केला. तो विचार बरोबर होता, आणि ऊन पायावर गरम लागत होतं.

मला परत फिरता आलं असतं. त्याऐवजी मी तेच केलं, जे कोणीही त्या दारात करील. चपला काढण्यासाठी डावा हात भिंतीला टेकला. मनगट मागे वळलं, बोटं पसरली, कोपर जवळजवळ सरळ झालं. तळव्याखाली चुना ओलसर आणि कोमट होता, नुकताच कोणीतरी हात काढून घेतल्यासारखा.

एक चप्पल काढली. दुसरी काढायला पाय उचलला.

फटीतून माझी खुर्ची दिसत होती, रिकामी. तिच्या शेजारच्या खुर्चीची आडवी दांडी दिसत होती, आणि दांडीवर टेकलेला एक पाय. तो पाय हलला नाही. मानही वर झाली नसावी. ती कधी होत नसे.

"आलीस?"

हे मी ऐकलं की मला आठवलं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. त्यानंतरचं मात्र मी ऐकलं. माउसचा टिचकीसारखा एक आवाज. मग ती छोटी घंटी, जी वाजवून सॉफ्टवेअर एकच प्रश्न विचारतं.

मी हात भिंतीला टेकून, एका पायावर, दारात उभी होते. आत कोणीतरी उत्तराचं बटण दाबलं. राहतनं या प्रश्नाला कधी 'नाही' म्हटलेलं मला आठवत नाही.